समुपदेशकाला पिंजऱ्यात उभं करून काय हाती लागतं?

न्यायालयाचं काम सत्य शोधण्याचं आहे आणि त्या वाटेत कुठल्याही दवाखान्याचं बंद दार आडवं येता कामा नये, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर खरी माणसं असतात. खुनाच्या खटल्यातला आरोपी महिनाभर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता. तिथे तो काय बोलला हे मृताच्या आईला का कळू नये? मुलाचा ताबा मागणाऱ्या बापाला राग आवरत नाही हे त्याच्या समुपदेशकाला ठाऊक आहे. मग न्यायाधीशालाच तेवढं अंधारात का ठेवायचं? वकील, पोलीस आणि पुष्कळसे सुजाण वाचकही या प्रश्नांचं एकच उत्तर देतात: ज्याला जे माहीत आहे, त्यानं ते शपथेवर सांगावं. हे उत्तर सोपं आहे, न्याय्य वाटतं, आणि माझ्या मते ते चूक आहे. रुग्णाच्या बाजूनं बोलणारे सहसा दयेच्या भाषेत बोलतात. मला ही बाजू सत्याच्याच हिशेबानं मांडायची आहे, कारण विरोधकांनी सत्यावर आपला हक्क सांगितला आहे आणि तो तपासून पाहिला की टिकत नाही.

आधी आजचा कायदा पाहू. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यानं काही नात्यांमधलं बोलणं न्यायालयापासून राखून ठेवलं होतं. अशील वकिलाशी काय बोलला, नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले, पोलिसाला गुन्ह्याची खबर कुणाकडून मिळाली, हे सांगायची सक्ती करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, नवरा-बायकोचं बोलणं कलम १२८ मध्ये गेलं, वकिलाचं १३२ ते १३४ मध्ये. यादी मात्र तीच राहिली. दीडशे वर्षांनी कायदा नव्यानं लिहिताना डॉक्टर आणि रुग्ण, समुपदेशक आणि त्याच्याकडे आलेला माणूस हे नातं त्या यादीत घालता आलं असतं. ते घातलं गेलं नाही. कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार देणारं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ वाचावं. बँकांच्या वह्यांविषयीच्या १८९१ च्या कायद्याला ते धक्का लावत नाही आणि टपाल खात्याच्या ताब्यातल्या पत्राला ते लागू होत नाही. मनोरुग्णाच्या फाइलीचा त्यात उल्लेखही नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानं मध्यस्थापुढच्या बोलण्याला संरक्षण दिलं. अशिलाची माहिती काढून घेण्यासाठी वकिलाला सरसकट समन्स पाठवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तपास यंत्रणांना बजावलं. म्हणजे ऊसबिलाच्या वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ मध्यस्थापुढे जे बोलतात ते सुरक्षित, आणि त्यांतला एक भाऊ रात्र रात्र झोप येत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञापुढे जे बोलतो ते उघडं.

यावर सांगितलं जातं की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो पुरेसा आहे. तो चांगला कायदा आहे यात शंका नाही. त्याच्या कलम २३ नं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आणि कलम २४ नं रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती प्रसारमाध्यमांना द्यायला मनाई केली. पण कलम २३ चे अपवाद वाचले की भोक दिसतं. मानसिक आरोग्य मंडळ, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशाशेजारीच सक्षम असलेल्या इतर कोणत्याही वैधानिक प्राधिकरणाचा आदेशही तिथे पुरेसा धरला आहे. त्या शब्दांत कोण कोण बसतं, आदेश देण्याआधी त्यानं काय तपासायचं, रुग्णाला विचारायचं की नाही, यावर कायदा काही बोलत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचं गुपित न्यायाधीशाच्या आदेशावरून न्यायालयात उघड करायला मुभा आहे, आणि त्याच संहितेत कायदेशीर यंत्रणेनं मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असंही आहे. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरच्या हातात पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचं पत्र पडतं तेव्हा या दोन वाक्यांमधला फरक त्याला समजावून सांगायला शेजारी कुणी नसतं. ज्या ठाण्याशी उद्या अपघाताच्या किंवा विषबाधेच्या केसमध्ये पुन्हा काम पडणार आहे, त्याला नकार देण्यापेक्षा फाइलीची झेरॉक्स देऊन मोकळं होणं सोपं असतं. अशा वेळी त्याला उभं राहायला कायद्यात ठोस जागा हवी, आणि ती नाही.

अकलूजसारख्या गावात याचा अर्थ काय होतो हे मोठ्या शहरात बसून कळत नाही. नीरेच्या काठचं हे गाव म्हणजे माळशिरस तालुक्याची खरी बाजारपेठ. साखर कारखाना, दुधाचा धंदा, शाळा-महाविद्यालयं, घोडेबाजार, आणि शेजारच्या तालुक्यांतूनही रुग्ण ज्यांच्या भरवशावर येतात अशी रुग्णालयं. तालुक्याचं न्यायालय माळशिरसला, जिल्ह्याचं ठिकाण सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटरवर. इथे दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस मामाच्या गावचा निघतो. वकील, फौजदार, डॉक्टर आणि पक्षकार एकाच लग्नाच्या पंगतीत भेटतात. पुण्यात एखाद्याची फाइल न्यायालयात गेली तर ती काही अनोळखी माणसांच्या नजरेखालून जाते. इथे फाइल उघडायचीही गरज नाही. अमक्याच्या सुनेचे डोक्याच्या डॉक्टरकडचे कागद कोर्टानं मागवले, एवढी बातमी पुरते. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. जे थोडे लोक धीर करून त्या खोलीच्या दारापर्यंत येतात, त्यांना आत आल्यावर काय बोलायचं हे कोर्टाच्या भीतीनं ठरवावं लागत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकाची पोस्टर्स चावडीवर लावून काय होणार?

आता सत्याच्या हिशेबाकडे येतो. समुपदेशकाला साक्षीला बोलावलं की न्यायालयाच्या हातात जास्तीचा पुरावा पडतो, असं विरोधक गृहीत धरतात. हे गृहीतक फक्त पहिल्या वेळी खरं असतं. तालुक्यात एकदा असा प्रकार झाला की दुसऱ्या वेळी बोलणारा बोलतच नाही. वकील त्याला आधीच सांगून ठेवतो, डॉक्टरकडे जा पण अमुक विषय काढू नको. न्यायालयाला हवं असलेलं वाक्य मग उच्चारलंच जात नाही. न्यायालयाला पुरावा मिळत नाही तो नाहीच, आणि ते वाक्य बोलून ज्याचं मन सुटलं असतं तो माणूस तसाच घरी जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी हेच ओळखलं. इलिनॉयमधल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं गोळी झाडून एकाला मारलं होतं आणि नंतर ती एका परवानाधारक सामाजिक कार्यकर्तीकडे सुमारे पन्नास वेळा समुपदेशनाला गेली होती. मृताच्या कुटुंबानं त्या नोंदी मागितल्या. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालाचा गाभा असा की संरक्षण नाकारलं तर जे बोलणं पुरावा म्हणून हवं आहे ते जन्मालाच येणार नाही, म्हणून संरक्षण देण्यात न्यायालय फारसं काही गमावत नाही. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधात लिहिलं, आणि त्यांचा आक्षेप आजही सर्वांत तगडा आहे: असं संरक्षण नव्हतं तेव्हाही लोक मानसोपचार घेतच होते. मला यात अर्धसत्य दिसतं. दुखणं असह्य झालं की माणूस येतो हे खरं. पण येणं आणि बोलणं या दोन गोष्टी आहेत. तो झोपेची गोळी मागतो, छातीत धडधडतं म्हणून सांगतो, आणि ज्या प्रसंगामुळे धडधडतं तो प्रसंग गिळतो. गिळलेला भाग नेमका तोच असतो, ज्याच्यावर न्यायालयाची नजर होती.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. उपचाराच्या खोलीत निघालेलं वाक्य घटनेविषयीचं सत्य असतं, असं कुणी ठरवलं? समुपदेशकाची नोंद म्हणजे तलाठ्याचा पंचनामा नव्हे. तिथे माणूस आपल्याला काय वाटतं ते सांगतो. ज्याच्या हातून काही घडलेलं नाही तो स्वतःला खुनी म्हणतो, कारण वडील वारले तेव्हा तो घरी नव्हता. नैराश्यातला माणूस सगळा दोष स्वतःवर ओढून घेतो, उन्मादातला सगळा दुसऱ्यावर ढकलतो. मुलांना मारून टाकावंसं वाटतं असं सांगणारी आई बहुतेक वेळा त्या विचारानंच घाबरलेली असते आणि म्हणूनच मदत मागायला आलेली असते. समुपदेशक या वाक्यांची उलटतपासणी घेत नाही, घ्यायचीही नसते. त्याला विधान खरं की खोटं हे ठरवायचं नाही, त्यामागचं दुखणं शोधायचं आहे. तो शब्द टिपतो ते आपल्या पुढच्या भेटीसाठी, अर्धेमुर्धे, स्वतःच्या खुणांसह. हेच शब्द सहा वर्षांनी माळशिरसच्या न्यायालयात मोठ्यानं वाचले गेले की ते कबुलीजबाब वाटतात. ज्या साधनाची घडणच घटना सिद्ध करण्यासाठी नाही, त्यावर विसंबून निकाल देणं म्हणजे सत्याच्या नावाखाली चुकीला आमंत्रण देणं.

महाराष्ट्रानं हे एकदा उघड्यावर घडताना पाहिलं आहे. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मुंबईत मृत्यू झाला. मुंबई पोलिसांनी त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे जबाब घेतले आणि त्यांतला मजकूर वाहिन्यांवर चर्चेला आला. उपचार करणाऱ्यांपैकी एकीनं तर रोगाचं नाव पत्रकाराला जाहीर सांगितलं. नटाला कोणता विकार होता, तो कोणती औषधं घेत होता, कुणाबद्दल काय बोलला, यावर देशभर मतदान घ्यावं तशी चर्चा चालली. या सगळ्यातून सत्य किती हाती आलं? एम्सच्या वैद्यकीय मंडळानं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये खुनाची शक्यता नाकारली ती शवचिकित्सा आणि न्यायवैद्यकीय पुराव्यांच्या आधारावर. सीबीआयनं मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मृत्यू कसा झाला या प्रश्नाचं उत्तर शरीरानं आणि घटनास्थळानं दिलं. दवाखान्यातल्या बोलण्यानं वाहिन्यांना विषय दिला, आणि उपचार घेत असलेल्या हजारो लोकांना आपलंही बोलणं असं बाहेर येऊ शकतं हा धडा दिला. त्या काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे माध्यमांच्या वार्तांकनाविरुद्ध याचिका आल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं माध्यमांना मर्यादा घालून दिल्या. जबाब मुळात किती घ्यावा आणि तो कुणाच्या हाती राहावा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पण चित्रपटसृष्टीतल्या प्रकरणांपेक्षा मला घटस्फोटाच्या दाव्यांची काळजी अधिक वाटते, कारण तिथे हे हत्यार रोज उपसलं जातं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार जोडीदाराचा मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. खरं तर सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं की रोगाचं नाव पुरेसं नाही. विकार इतका गंभीर हवा की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. २०१७ च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला वेडं ठरवता येत नाही. तरी दाव्यात केसपेपर लावले जातात ते रोग सिद्ध व्हावा म्हणून कमी आणि समोरच्यानं पोटगीवर लवकर तडजोड करावी म्हणून जास्त. बाळंतपणानंतर चार महिने नैराश्याच्या गोळ्या घेतलेल्या बाईला आपण मुलाचा ताबा गमावू या भीतीनं गप्प बसवता येतं. कुटुंब न्यायालयाच्या नियमांनी तिथल्या समुपदेशकापुढचं बोलणं गोपनीय ठरवलं आहे, पण ती न्यायालयं प्रामुख्यानं शहरांतली. तालुक्यातले दावे दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात आणि तिथे ती भिंत नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात जोडीदाराचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल असा निर्णय दिला. तो नवरा-बायकोच्या बोलण्यापुरता आहे. पण एकाच खोलीच्या घरात फोनवर समुपदेशन घेणाऱ्या बाईचं बोलणं टिपणारा मोबाइल उद्या न्यायालयात आला, तर त्याला अडवायला कोणतं कलम आहे? विकार आहे की नाही हे खरोखर ठरवायचं असेल तर २०१७ च्याच कायद्याचं कलम १०५ हाताशी आहे: मानसिक आजाराच्या पुराव्याला दुसऱ्या पक्षानं आव्हान दिलं की न्यायालयानं तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा. आज त्या व्यक्तीची स्थिती काय आहे हे स्वतंत्र तज्ज्ञ सांगू शकतो. त्यासाठी तिच्या विश्वासातल्या डॉक्टरला फितूर करायची गरज नाही.

सत्याच्या शोधाला कुठलीच मर्यादा नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपलाच पुरावा कायदा नीट वाचावा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हे १८७२ पासून चालत आलं आहे. त्यातले काही कबुलीजबाब खरे असणारच. तरी कायद्यानं ते सगळे बाहेर ठेवले, कारण ते आत घेतले तर कोठडीत काय चालेल हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. बलात्काराच्या खटल्यात पीडितेचं पूर्वायुष्य उकरायला २०१३ च्या दुरुस्तीनं आणखी कडक बंदी आली. सेल्वी विरुद्ध कर्नाटक या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवायची नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग घटनाबाह्य ठरवलं. तिथेही समोरून हाच युक्तिवाद होता की सत्य बाहेर येऊ द्या. औषधाची सुई टोचून मन उघडायला घटना मनाई करते, आणि बरं व्हायला म्हणून स्वतः उघडलेल्या मनातून तेच काढून घ्यायला आपण मोकळे आहोत, हे एकत्र कसं बसतं? इंग्रज विचारवंत बेंथमनं एकोणिसाव्या शतकात वकिलाच्या संरक्षणावरही हल्ला चढवला होता. निर्दोष माणसाला लपवायचं काय असतं, असं त्याचं म्हणणं. कुठल्याही सभ्य न्यायव्यवस्थेनं ते मानलं नाही, कारण निर्दोष माणसालाही कुणापाशी तरी निर्धास्त बोलावं लागतं.

आश्वासन दिलं की लोक पुढे येतात, हा अनुभव महाराष्ट्रानं एचआयव्हीच्या काळात घेतला आहे. सोलापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात तो रोग पसरला तेव्हा लोकांना तपासणीला आणणं हेच सर्वांत अवघड काम होतं. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रांत तपासणीआधी समुपदेशन आणि गोपनीयतेचा शब्द हा कार्यक्रमाचा पाया ठेवला गेला. त्यातून आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात हा शब्द कलम झाला: संमतीशिवाय स्थिती उघड करायची असेल तर न्यायहितासाठी ते आवश्यक आहे असं न्यायालयानं ठरवावं लागतं, आणि कामकाज बंद दाराआड चालवण्याचीही तरतूद आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यासारखा कठोर कायदासुद्धा, स्वतःहून व्यसनमुक्तीचा उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खाली काही गुन्ह्यांच्या खटल्यातून सूट देतो. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं त्यानंतर व्यसनमुक्तीचं जे काम राज्यात वाढलं, त्याचा कणा व्यसनी माणसानं सगळ्यांपुढे खरं बोलणं हाच आहे. त्या खरं बोलण्यात चोरी येते, मारहाण येते, घरातलं सोनं विकणं येतं. ते प्रत्येक वाक्य साक्षीसाठी उपलब्ध आहे असं दारावर लिहिलं, तर आत कोण येईल?

आता कठीण आक्षेप. पहिला धोक्याचा. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये प्रोसेनजीत पोद्दार या भारतीय विद्यार्थ्यानं टाटियाना टॅरासॉफ या तरुणीचा खून केला. तो विचार त्यानं आपल्या मानसशास्त्रज्ञाला आधी बोलून दाखवला होता. १९७६ मध्ये तिथल्या न्यायालयानं सांगितलं की एखाद्या ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असेल तर उपचारकानं तिच्या रक्षणासाठी पाऊल उचललं पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे आणि आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्येही दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभा आहे. पण होऊ घातलेला खून थांबवणं ही एक गोष्ट. झालेला गुन्हा सिद्ध करायला उपचारकाला वापरणं ही दुसरी. पहिलीत जीव वाचतो. दुसरीत तपास यंत्रणेचे कष्ट वाचतात. बाललैंगिक अत्याचाराचंही असंच. पॉक्सोच्या कलम १९ नं कळवण्याची सक्ती सगळ्यांवर केली आहे. ती राहावी, मूल स्वतः लढू शकत नाही. कळवणं म्हणजे मात्र मुलीनं वर्षभर जे जे सांगितलं त्याची वही हवाली करणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला गर्भपाताच्या संदर्भात म्हटलं की अल्पवयीन मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. कळवण्याचं कर्तव्य आणि गोपनीयता एकत्र नांदू शकतात हे न्यायालयानंच दाखवून दिलं.

सर्वांत अवघड आक्षेप निर्दोष माणसाचा आहे आणि त्याला बगल देणं मला जमणार नाही. शिकागोत १९८२ मध्ये अल्टन लोगन याला खुनासाठी पकडलं गेलं. खून आपण केला असं दुसऱ्या एका आरोपीनं आपल्या वकिलांना सांगितलं होतं. वकिलांनी ते प्रतिज्ञापत्रावर लिहून कुलुपात ठेवलं आणि अशील मेल्यावरच उघड केलं. लोगन २६ वर्षांनी, २००८ मध्ये सुटला. हे गुपित समुपदेशकाकडे असतं तर? माझं उत्तर स्पष्ट आहे: निरपराध माणूस तुरुंगात असेल तर संरक्षणानं वाट द्यावी. मात्र बाहेर आलेलं ते वाक्य फक्त त्याला सोडवण्यासाठी वापरावं. ज्यानं ते उपचारात उच्चारलं त्याच्याविरुद्ध ते वापरता येऊ नये. असा नियम केला तर बोलणाऱ्याला बोलायला कारण राहतं आणि डांबलेल्याला सुटायला वाट. बलात्काराच्या खटल्यात आरोपी फिर्यादीच्या समुपदेशनाच्या नोंदी मागतो तेव्हाही प्रश्न निर्दोषत्वाचाच असतो. कॅनडानं १९९७ मध्ये त्यासाठी टप्पे घालून दिले: आधी आरोपीनं त्या नोंदींचा मुद्द्याशी संबंध दाखवायचा, मग न्यायाधीशानं त्या एकट्यानं वाचायच्या, आणि आवश्यक असेल तेवढाच भाग द्यायचा. १९९९ मध्ये मिल्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही रचना वैध ठरवली. आपल्याकडे असा टप्पाच नाही. नोंद मागितली की येते, किंवा न्यायाधीश सुज्ञ असेल तर येत नाही. आरोपीनं स्वतःच वेडेपणाचा बचाव घेतला, तर आपली मनःस्थिती त्यानंच खटल्यात आणली. त्या मुद्द्यापुरतं संरक्षण आपोआप संपतं. यात मला काही आक्षेप नाही.

एक शंका व्यवहाराची आहे: संरक्षण कुणाला द्यायचं? समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतो. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर नोंदणी हे आहे; २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यानं त्या दिशेनं सुरुवात केली आहे. पण संरक्षण फक्त पदवीधर मानसोपचारतज्ज्ञाला दिलं तर ते शहरातल्या पैसेवाल्या रुग्णाला मिळेल. अकलूजच्या परिसरातला माणूस पहिल्यांदा बोलतो ते आयसीटीसीच्या समुपदेशकापाशी, शाळेच्या समुपदेशकापाशी, उपजिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकेपाशी. जॅफी खटल्यात संरक्षण सामाजिक कार्यकर्तीलाही दिलं गेलं त्याचं एक कारण हेच होतं, की गरिबांना तीच परवडते.

संसदेनं साक्ष्य अधिनियमात एक कलम घालावं ही मुख्य मागणी. ती पुरी होईपर्यंत न्यायाधीशांनी हात बांधून बसायचं कारण नाही. फाइल मागणाऱ्या अर्जावर आधी विचारावं की हीच गोष्ट दुसऱ्या साक्षीदाराकडून, स्वतंत्र तपासणीतून किंवा कागदातून सिद्ध होते का. होत असेल तर अर्ज फेटाळावा. रुग्ण पक्षकार नसला तरी त्याला नोटीस द्यावी, कारण फाइल डॉक्टरकडे असली तरी गुपित त्याचं आहे. पोलीस ठाण्याच्या साध्या पत्रावर नोंद देऊ नये, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी परिपत्रकानं आपल्या डॉक्टरांना कळवावं. नोंद घ्यावीच लागली तर न्यायाधीशानं ती चेंबरमध्ये वाचावी, लागतील तेवढ्याच ओळी उतरवाव्यात आणि मूळ फाइल बंद लिफाफ्यात परत करावी. खटले लांबतील अशी तक्रार येईल. दोन तारखा जास्त पडतील हे मान्य. तेवढ्यात शवचिकित्सेचा अहवाल बदलत नाही, बँकेचा उतारा पुसला जात नाही. आणि दिल्ली हलली नाही तर मुंबईनं हलावं. पुरावा हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनं महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे कलम आपल्या राज्यापुरतं घालता येतं, आणि माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याच्या आमदारांनी ते विधेयक मांडायला दिल्लीची परवानगी लागत नाही.